पट्टा, क्लच आणि बी. ए.

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आप्पा सातवी पास झाले आणि कोल्हापूरला एका गॅरेजात पाने उचलून द्यायला लागले. पुढे बिद्रीला रस्त्याकडेला त्यांनी स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्याच पत्र्याखाली मी पाढे पाठ केले आणि तिथंच अकरावीत मराठीचे धडे वाचले. आता मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर गॅरेज, असा माझा दिवस जातो.

गेल्या वर्षापासून आप्पांना जवळचं नीट दिसत नाही. चष्मा लागला, पण तेलकट हातांनी तो पुसायचा कसा? बारीक स्क्रू चाचपून बसवतात. भावकीतली माणसं येतात, बाकड्यावर बसून चहा पितात आणि जाता जाता म्हणतात, "पोराला कशाला कॉलेजात धाडतोस? बी. ए. करून कोण साहेब झालंय? पान्याला हात लाव म्हणावं." आप्पा काही बोलत नाहीत. आई मात्र रात्री भाकरी थापताना म्हणते, "एवढी दोन वर्सं होऊ द्यात." मी दोघांच्या मध्ये. पुस्तक उघडावं तर गॅरेजातला आवाज कानात येतो, पाना धरावा तर उद्याच्या तासाची आठवण होते.

आमच्याकडे जुन्या गाड्या बऱ्याच येतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वर्दळीत पंक्चर आणि ब्रेकची कामं वाढतात, आदमापूरच्या बाळूमामांच्या अमावस्येला वाटेत बंद पडलेल्या गाड्या येतात. पण आप्पांचा जीव खरा जुन्या मोटारसायकलींवर. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, तरी एखादी येझदी अजून धूर सोडत दारात उभी राहते. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट तर आप्पांच्या घरचीच. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, अशी जुनी बुलेट चालवायला आजची पोरं बिचकतात. ती जिथं उभी राहते, तिथल्या जमिनीला तेलाचा टिळा लावल्याशिवाय हलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक बुलेट आली. शेजारच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांची. नोकरीत असताना त्यांनी ती जुनी घेतली आणि पुढे बाहेरगावी तिला पट्ट्याचा संच बसवून घेतला. हे जरा समजावून सांगायला हवं. बुलेटमध्ये इंजिनाची ताकद डाव्या बाजूच्या केसमधून क्लचकडे जाते ती साखळीने. ही साखळी तेलात फिरते आणि क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात असतात. साखळीच्या जागी दातेरी रबरी पट्टा घातला की वजन घटतं, आवाज कमी होतो, आणि त्या केसमध्ये तेल लागत नाही, म्हणजे गळायचा प्रश्न मिटतो. ही कल्पना काही फक्त हौशी लोकांची नव्हे. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली 'स्टर्जिस' नावाच्या गाडीला इंजिनापासून क्लचपर्यंत आणि पुढे मागच्या चाकापर्यंतही पट्टेच दिले होते.

सुभेदारांची तक्रार अशी, की फोंडा घाटात गाडी चढेना. इंजिन ओरडतं, पण चाक ओढत नाही. शिवाय तापली की क्लच दाबूनही न्यूट्रल सापडत नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे सांगितलं, पट्टा काढा आणि साखळी घाला. सुभेदार वैतागले होते. म्हणाले, "मिस्त्री, आठ दिवसांत जमलं तर ठेवतो, न्हाईतर भंगारात घालतो." हे ऐकून आप्पांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी म्हातारा बैल कसायाला देतोय.

आप्पांनी आधी क्लचची वायर बघितली. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर सैलपणा पाहिजे, तो होता. मग किक मारली. किक सरकन खाली गेली आणि इंजिन फिरलंच नाही. बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते, त्यामुळे मधे काहीतरी घसरत होतं हे नक्की. पण काय? पट्टा की क्लच? डावं पायदान काढलं, एका नटावर बसलेलं कव्हर उतरवलं आणि आप्पा मला म्हणाले, "मी किक मारतो, तू निस्तं बग."

मी बघितलं. आतला हब फिरत होता, पण बाहेरचा डबा आणि पट्टा जागच्या जागी.

"आरं, मग पट्ट्याला कशाला बोल लावायचा? दात हाईत त्याला. तो घसरत न्हाई, घसरला तर दात मोडत जाईल. क्लच स्लिप मारतोय."

मग त्यांनी केसच्या तळाला बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. काळं, चिकट. तेल. कुणीतरी साखळीच्या सवयीने केसमध्ये तेल ओतलं होतं. आप्पा लहानपणी गुऱ्हाळावर कामाला होते. तिथं इंजिनावरून चरकावर चामड्याचा पट्टा असायचा. तो घसरू लागला की त्याला राळ लावत, आणि तेलाचा थेंब पडला तर गुळव्या शिव्या घालायचा. "पट्टा आणि तेल म्हंजे सासू-सून. एका घरात ठिऊ नये," आप्पा म्हणाले.

प्लेटा काढल्या, पेट्रोलने धुतल्या, पॉलिश पेपर मारला, वाळवून बसवल्या. किक घट्ट झाली. घसरणं गेलं. पण गाडी मुदाळ तिट्ट्यापर्यंत नेऊन आणली, तर तापल्यावर न्यूट्रल पुन्हा सापडेना. आणि पट्ट्याच्या एका कडेचे धागे सुटलेले दिसत होते, केसमध्ये रबराची काळी पूड साचली होती.

इथं आप्पा थांबले. त्यांनी सुभेदारांना विचारलं, संचाबरोबर काही कागद मिळाला होता का? दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद आणला. दोन्ही बाजूंनी इंग्रजी. आप्पांनी तो चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

वाचकहो, मी इंग्रजीत काही हुशार नाही. शब्दकोश घेऊन बाकड्यावर बसलो. अर्धा तास गेला. त्यात लिहिलं होतं, की आत तेल घालू नये. तेवढं आप्पांना कागदाशिवाय कळलं होतं. पण पुढं होतं, की गाडी थंड असताना पट्टा बोटाने दाबला तर अर्धा इंच तरी दबला पाहिजे. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमच्या पुल्या आणि केस फुगतात, पट्ट्यातल्या दोऱ्या मात्र तेवढ्या वाढत नाहीत. म्हणून थंडपणी बेताचा वाटणारा पट्टा गरमपणी तारेसारखा ताणतो. मी वाचत गेलो आणि आप्पा ऐकत गेले. मध्येच उठले आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. थंड असतानाच तो जेमतेम दबत होता. साखळी सैल पडली की ताणायची, ह्या रिवाजाने कुणीतरी ताण देणारी छोटी पुली वर चढवून ठेवली होती.

"म्हंजे बग," आप्पा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पट्टा गिअरबॉक्सचा शाफ्ट पुढं वढतोय. डबा वाकडा हुतोय. मग प्लेटा सुटतील कशा?" कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. कागदावर फक्त अर्धा इंच होता. अर्ध्या इंचापासून न्यूट्रलपर्यंतची वाट आप्पांनी स्वतःच काढली.

राहिली सुटलेली कड. दोन्ही पुल्यांवर पोलादी पट्टी आडवी धरली तर इंजिनाकडची पुली मिलिमीटरभर आत. आल्टरनेटरचा रोटर काढून पुलीमागे तेवढी चकती घालायला हवी होती. मी एस. टी. ने कोल्हापूरला जाऊन उद्यमनगरातल्या एका लेथवर ती कातून आणली. कड सुटलेला पट्टा बदलला, ताण सैल केला. सातव्या दिवशी सुभेदार बुलेट घेऊन गेले. आठवड्याभराने फोंडा घाट चढून-उतरून आले आणि गाडी बाकड्यासमोर लावून त्यांनी एकाच बोटाने न्यूट्रल केली. पैसे दिले ते आप्पांनी न मोजता खिशात घातले.

ह्या गोष्टीने माझा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. भावकी अजून येते, चहा पिते आणि तेच बोलते. जुन्या गाड्या वर्षागणिक कमी होतायत, आप्पांचे डोळेही काही सुधारणारे नाहीत. पण त्या अर्ध्या तासापासून घरात एक फरक पडलाय. शिकलेला आणि न शिकलेला अशी जी रेघ लोक ओढतात, ती आमच्या बाकड्यावरून तरी नीट जात नाही. तो कागद आप्पांना वाचता येत नव्हता, हे खरं. आणि मला तो वाचूनही कळला नसता, हेही तितकंच खरं.

आता आप्पांनी मला दोनशे पानी वही आणून दिली आहे. रात्री जेवणं झाली की ते सांगतात आणि मी लिहितो. पहिल्या पानावर लिहिलंय: 'क्लच स्लिप मारत असल्यास आधी वायर बघणे. मग किक मारून बघणे. मग उघडणे.' स्पेलिंगची भीती नाही, सगळं मराठीत आहे. परवा मी आठवं पान लिहीत होतो, तेव्हा आप्पांनी मधेच विचारलं, "तिसऱ्या वर्साची फी कवा भरायची असती रं?"