शहापूर ते माळशेज : घाटात तापलेली गाडी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराळ तालुके. दोघांच्याही पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी. वर देशावर जायचे तर शहापूरकरांना कसाऱ्याचा घाट आणि मुरबाडकरांना माळशेज. कसाऱ्याकडून रेल्वे १८६५ साली घाट चढून इगतपुरीला गेली. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून गाडीला मागून जादा इंजिने लावतात. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याखालून लांब बोगद्याची वाट मिळाली. माळशेजला मात्र आजही वळणे घेतच चढावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला निघावे. खाचरांत राब भाजल्याच्या काळ्या खुणा असतात, पळसाची फुले गळून गेलेली असतात आणि वाटेत आदिवासी भगिनी पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या दिसतात. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच शहापूर तालुक्यात. तानसा तर १८९२ सालचे. तरी तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा मुलखात गाडीचे पाणी संपले, तर ते ओतायला कुठून आणायचे हाही प्रश्नच असतो.

सरळगावहून टोकावडे, मग वैशाखरे. इथून नाणेघाटाची पायवाट वर जाते. सातवाहनांच्या काळी जुन्नरच्या बाजारपेठेचा माल याच वाटेने उतरे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. त्या काळच्या तांड्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणार : जनावर धापा टाकू लागले की थांबायचे. आपण मोटारीच्या बाबतीत नेमके हेच विसरतो.

माळशेजचा चढ लागला की भरलेली जीप दुसऱ्या गिअरवर येते. वेग कमी म्हणून वारा कमी, आणि इंजिनावर ओझे मात्र जास्त. एरवी चालून जाणारा चिरलेला होज पाइप, रेडिएटरचे बारीक छिद्र, ढिला फॅनबेल्ट किंवा गळका वॉटर पंप अशा वेळी दगा देतो. काटा लाल खुणेकडे सरकतो, बॉनेटखालून वाफ येते. गाडीत माणसे असतात, कोणाला लग्नघर गाठायचे असते, कोणाला दवाखाना. मग कोणीतरी म्हणते, "दोनच वळणं राहिलीत, नेऊ या तशीच." ही दोन वळणेच इंजिन खातात.

कारण असे की, इंजिनाच्या आतली आग पाण्याच्या जोरावरच आवरलेली असते. रेडिएटरचे झाकण घट्ट असल्यामुळे आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण १२० अंशांपर्यंत दम धरते. पाणी गळाले की दाबही जातो आणि ॲल्युमिनियमचे हेड वेडेवाकडे होऊ लागते. आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवावी. पाणी पुरते संपले तर उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. वाफ आली नि मग काटा उतरला, तर गाडी निवली असे समजू नये.

गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत, माणसे दरीच्या कडेपासून दूर बसवावीत. पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये. उसळणारी वाफ तोंड भाजून काढते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. इंजिन निवल्यावर फडके धरून झाकण सावकाश उघडावे आणि पाणी भरावे. कूलंट नसेल तर तात्पुरते स्वच्छ पाणी चालते. मळ्यातले डिझेल इंजिन नि ट्रॅक्टर यांनाही हाच नियम.

आता खरा प्रश्न : इंजिन वाचले की गेले? सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, किंवा पातळी वाढलेली असली, तर पाणी ऑइलमध्ये गेले. मग चावी फिरवूच नये, गाडी ओढून न्यावी. नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस पावसाळी दमटपणानेही धरतो. पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नये.

पट्टी स्वच्छ असेल आणि गळती बांधता आली असेल, तर इंजिन सुरू करून पाहावे. स्टार्टर मारताच इंजिन अडकले तर जोर करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सुरू झाले आणि तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे उठले, किंवा एखादा सिलिंडर चालेना, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा.

मुरबाडला किंवा वर आळेफाट्याला मेकॅनिककडे गेल्यावर आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायला सांगावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे एकदम कमी भरले, तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटले असे बहुधा निघते. हेड उतरवलेच तर त्यावर सरळ पट्टी ठेवून फट मोजावी. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही पुष्कळ असतो. तसेच नवे गॅस्केट बसवले तर ते पुन्हा जाते आणि पैसे दोनदा पडतात. मूळ गळती कुठे होती, हे सापडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

आणखी एक, घरच्या माणसांसाठी. सांडलेले कूलंट चवीला गोड पण विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात. त्यावर माती टाकून ती उचलावी, आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

घाट चढण्याआधी टोकावड्याला थांबून होज पाइप, बेल्ट आणि टाकीतली पातळी पाहायला पाच मिनिटे लागतात. पाण्याचा पाच लिटरचा कॅन सीटखाली असावाच. मग धबधब्यांचा असो वा उन्हाचा, माळशेज डोळे भरून पाहता येतो.