संकोचाची किंमत

क्षयाच्या गोळ्या सूनबाईस वेळेवर देण्याचे काम आमच्याकडे होते. एकदा सौभाग्यवतींनी दबक्या आवाजात विचारले, ‘या गोळ्यांबरोबर तातडीची गर्भनिरोधक गोळी चालेल ना?’ आम्ही वर्तमानपत्रात तोंड लपविले.

उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिले : रिफाम्पिसिनमुळे यकृतातील विकरे वाढतात, लेव्होनॉर्जेस्ट्रेलचे विघटन लवकर होते आणि 72 तासांत घेतलेली गोळीही फसू शकते. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांचेही तेच. ती थांबविल्यावरही परिणाम सुमारे 4 आठवडे राहतो. 5 दिवसांत बसविलेल्या तांबीस मात्र ही बाधा नाही.

वेळेत दवाखाना गाठला, म्हणून निभावले. गोळी दुकानात चिठ्ठीविना मिळते. ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनीच विचारावा. आमचा संकोच सूनबाईस महागात पडला असता.