दाराच्या आतल्या बायका

पुणे
पाडव्यानंतरचा रविवार

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

परवा रात्री तुमच्या नातीचा फोन आला होता. कॉलेजात त्यांना ‘मिर्च मसाला’ दाखवला म्हणे. घरी येऊन तिनं तुम्हाला गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर पुढची गोष्ट तुम्हीच तिला सांगितलीत. वर म्हणालात, “हा मी आणि तुझ्या धाकट्या आजीनं मिळून बघितलाय, आणि तिथनंच आमची बोलाचाली परत सुरू झाली.” पोरगी मला विचारत होती, हे खरं का?

खरं आहे, असं तिला सांगितलं आणि फोन ठेवला. पण मग झोप आली नाही. हल्ली फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला.

तो मे महिना तुम्हाला आठवत असेल. माडीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, अर्ध्या संकेश्वरी, अर्ध्या ब्याडगी. दिवसभर देठं खुडून बोटांची आग आग व्हायची आणि रात्री आपण ताकात हात बुडवून बसायचो, तुम्ही एका टोकाला आणि मी दुसऱ्या. महिनाभर आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. माझ्या नोकरीचा हुकूम एप्रिलात आला होता. शाळा दोन तालुके पलीकडे, म्हणजे आठवडाभर तिथंच खोली करून राहायचं. घरात सगळ्यांचा नकार होता. त्याचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. जिव्हारी लागलं ते तुमचं बोलणं. चुलीपाशी तुम्ही म्हणालात, “तुझ्या एकटीच्या हट्टापायी समद्या घराला घोर. सोड ती नोकरी.”

त्याच दिवसांत एका रात्री टीव्हीवर तो चित्रपट लागला. माणसं अंगणात झोपली होती. तुम्ही दाराला टेकून बसलात, मी खांबापाशी. तुम्हाला हिंदी फारसं कळायचं नाही. मला वाटलं होतं, थोड्या वेळानं उठून जाल. तुम्ही शेवटपर्यंत हलला नाहीत.

काल रात्री मी तो पुन्हा पाहिला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सगळा, एका बैठकीत.

गोष्ट गुजरातमधली, इंग्रजी अमलातली. सारावसुलीला सुभेदार गावाबाहेर तंबू ठोकून बसलाय. नदीवर त्याची घोडी येतात तेव्हा पाणी भरणाऱ्या बायका घागरी टाकून पळतात, एकटी सोनबाई उभी राहते. त्याला ओंजळ करून वाकायला लावून पाणी पाजते. नसीरुद्दीन शाहच्या चेहऱ्यावर तेव्हा राग येत नाही, कौतुक येतं, आणि पुढचं सगळं त्या कौतुकातूनच निघतं. मुलीबाळी असलेल्या बाईला हे कौतुक लगेच ओळखू येतं. तुम्ही त्या वेळी पदर तोंडाशी धरला होता, तो मला आजही दिसतो.

सोनबाईचा नवरा रेल्वेतली नोकरी लागली म्हणून शहरात निघून जातो. मग सुभेदार तिला अडवतो, ती त्याच्या थोबाडीत मारते आणि पळत सुटते. मागे घोडेस्वार. ती मसाल्याच्या कारखान्यात शिरते, म्हातारा राखणदार अबू मियाँ दरवाजा लावून घेतो, आणि तिथून चित्रपट त्या दाराच्या दोन बाजूंना वाटला जातो.

बाहेरच्या बाजूचं मी थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्याला पाठ आहे. पंच जमतात, मुखी म्हणतो की एका बाईपायी गाव जाळून घ्यायचं का. एकटा शाळामास्तर विरोध करतो आणि मार खातो. सुरेश ओबेरॉयना या मुखीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मुखी त्यांनी दुष्ट दाखवला नाही. चार लोकांत मान असलेला, घरात धाक असलेला, आणि सुभेदारासमोर मान खाली घालणारा माणूस दाखवला. असे पुरुष आपण जेवायला वाढलेले आहेत.

मला लिहायचंय ते दाराच्या आतलं.

आपल्याकडे या चित्रपटाचं नाव निघालं की लोक शेवटचा प्रसंग सांगतात, नाहीतर अबू मियाँचं मरण. ओम पुरींचं काम आहेच तसं. मुळात चुनिलाल मडियांची जी गुजराती कथा आहे, तिचं नावसुद्धा त्या राखणदाराचंच आहे, ‘अभु मकराणी’. केतन मेहतांनी चित्रपट करताना नाव बदललं. माणसाचं नाव काढून मिरचीचं ठेवलं. माझ्या लेखी सगळा चित्रपट त्या बदललेल्या नावात आहे. राखणदार दार धरून ठेवतो, प्राण देतो, आणि तरी दार फुटतंच. तो पडल्यावर त्या आवारात फक्त बायका उरतात आणि त्यांच्यापुढे त्यांनीच कांडलेलं तिखट.

पण त्याआधी काय होतं, हे लोक विसरतात. त्या बायका सोनबाईच्या मैत्रिणी नाहीत, अक्का. मजुरीला म्हणून एका आवारात आलेल्या, ज्यांनी एकमेकींना निवडलेलं नाही अशा बायका आहेत. दार लागतं तसं त्यांचं भय वाढतं आणि त्या तिच्यावरच उलटतात. तुझ्यामुळे आम्ही अडकलो, तू गेलीस तर आम्ही सुटू. तिला टोचून बोलतात, तिच्या चालचलणुकीवर बोट ठेवतात. शेवटी ती स्वतःच बाहेर जायला निघते तेव्हा अडवतो तो अबू मियाँ. त्या बायकांपैकी कुणी तिचा हात धरत नाही.

मी तेव्हा खांबापाशी बसून मनात म्हणत होते, बघा, अशाच असतात. माझा रोख तुमच्याकडे होता. हे आज सांगते.

आणि दाराबाहेर एक सरस्वती होती, मुखीची बायको. दीप्ती नवलनं ती किती हळू आवाजात केली आहे! नवरा रात्री दुसरीकडे काढतो, ही घरात वाट बघते, आणि एक दिवस उठून मुलीला शाळेत घालून येते. सगळ्या मुलग्यांत ती एकटी पोर. गाव हसतं. त्याच सरस्वतीनं पुढे गावातल्या बायका गोळा केल्या आणि सोनबाईसाठी थाळ्या-लाटणी वाजवत त्या पंचांपुढे गेल्या. तो मोर्चा टिकला नाही, मोडून काढला गेला. सोनबाईला आतून त्या थाळ्या ऐकू आल्या असतील का, हे मी काल रात्री बराच वेळ मनात धरून बसले होते. या दोघींची मैत्री चित्रपटात नाही. दोघी जिवाभावाचं एक वाक्यसुद्धा बोलत नाहीत. तरी मला विचाराल तर सोनबाईची सगळ्यात मोठी सोबतीण तीच, जिच्या हातात लाटण्यापलीकडे काही नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. त्यात जी वयस्क बाई आहे, त्या दीना पाठक, गुजराती रंगभूमीवरच्या नामवंत. रत्ना आणि सुप्रिया या त्यांच्या दोन्ही मुलीही त्याच चित्रपटात आहेत. आई आणि दोन लेकी एका कामावर! तुम्हाला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

आणि सोनबाई झालेली स्मिता पाटील. ती आपली, पुण्याची. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. केतन मेहतांच्या पहिल्या चित्रपटातही, 1980 च्या गुजराती ‘भवनी भवाई’त, ती होती. ‘मिर्च मसाला’ लोकांसमोर आला 1987 साली, आणि 13 डिसेंबर 1986 ला ती गेलेली होती. वय 31. बाळ पंधरा दिवसांचं. आपण तो पाहिला तेव्हा तुम्ही मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, “ही ती बाळंतपणात गेलेली का गं?” महिन्याभरात तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी नुसती मान हलवली. तुम्ही डोळे पुसलेत.

सोनबाईचे डोळे मी काल नीट पाहिले. दार लागल्यानंतर ती फार कमी बोलते. बायका बोल लावतात तेव्हा ती उलट उत्तर देत नाही, आपली बाजू मांडत नाही. नुसती बघते. त्या बघण्यात राग नाही, आणि माफीही नाही. या बायका भ्यालेल्या आहेत, हे तिला कळतंय, एवढंच त्यात आहे. मला तेव्हा तसं बघता आलं नव्हतं तुमच्याकडे.

मग दार फुटतं. सुभेदार आत येतो. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे, आणि ज्या बायका तिला बाहेर ढकलायला निघाल्या होत्या त्याच पुढे येतात आणि ताज्या कांडलेल्या मसाल्याचे लोट त्याच्या तोंडावर उधळतात. पडदा लाल होतो. तो गुडघ्यांवर येऊन किंचाळतो आणि चित्रपट तिथंच थांबतो. पुढे गावाचं काय झालं, शिपायांनी काय केलं, काही दाखवलेलं नाही. डंकावर ज्या बाईनं एक दिवस काढलाय तिला ती खाट नाकात घुसलेली जाणवतेच. आपण दोघीही खोकलो होतो, टीव्ही बघताना.

टीव्ही बंद करून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. मी मागून पाणी प्यायला आले. अंधारात, माझ्याकडे पाठ करून तुम्ही म्हणालात, “त्यांनीच तिला आधी जा म्हटलं हुतं.” बस, एवढंच.

मी त्या वाक्याचा अर्थ महिनाभर लावत राहिले. जूनमध्ये हजर व्हायचा दिवस उजाडला. मी पहाटे ट्रंक उचलली, आणि मागून येऊन तुम्ही दुसरी कडी धरलीत. फडक्यात भाकऱ्या, ठेचा आणि कागदाच्या पुडीत कोरडी चटणी. स्टँडपर्यंतच्या वाटेवर आपण एकमेकींना काही बोललो नाही. गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून पुडी आत दिलीत आणि म्हणालात, “शनिवारी ये. मी हाय.” एवढं म्हणून तुम्ही वळलात. घराकडे, एकट्या.

अक्का, एवढी वर्षं मी लोकांना माझ्या नोकरीची गोष्ट सांगत आले. शाळेत, निवृत्तीच्या समारंभात, पोरींच्या मेळाव्यात. त्यात मीच दार उघडून निघते. तुम्ही त्या सकाळी परत जाऊन घराचं दार उघडलंत, आत सगळी जागी झालेली असणार, मामंजी ओसरीवर. पुढे कितीतरी महिने ते तुमच्या हातचा चहा घेत नव्हते, हे मला सासूबाईंच्या तोंडून दहा वर्षांनी कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर तुम्ही त्यांना काय म्हणालात? तुमच्या नातीला ते सांगायचं आहे, पण त्याआधी मला ऐकायचं आहे.

वैशाखात मी येते आहे, चांगले पंधरा दिवस. डॉक्टरांनी तुम्हाला खाली बसायची मनाई केली आहे, हे मला कळलंय. तुम्ही खुर्चीवर बसा, देठं मी खुडीन. या वर्षी तिखटाला डंकावर कुणाला पाठवू नका. मिरच्या मी येईपर्यंत तशाच ठेवा.

तुमची,
धाकटी