पलासिया ते रत्नागिरी : एका रॉडचा प्रवास

इंदूरला समुद्र नाही. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सगळ्यांत जवळचं खारं पाणी खंभातच्या आखाताचं, पण आपण मराठी माणसं समुद्र म्हटलं की कोकणच धरतो. म्हणजे आधी मुंबईपर्यंत जवळजवळ ६०० किलोमीटर आणि तिथून रत्नागिरी आणखी सव्वातीनशे. तरीही नवी पलासियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे सहा रॉड उभे आहेत, आणि रविवारी छप्पन दुकानला पोहे खाताना आम्हा चौघा मित्रांचा ठरलेला वाद असतो : रॉड नेमका मोडतो कशाने?

नातेवाईक विचारतात, गळच टाकायचाय तर चोरलला जा की. जातोही. पण गोड्या पाण्यातल्या रॉडचं आयुष्य तसं सुखाचं असतं. समुद्रावरच्या रॉडला मीठ, वाळू, शिशाची वजनं, धारदार खडप आणि वर इंदूरहून जाण्यायेण्याचा दोन हजार किलोमीटरचा प्रवास. माझ्या मते यातला प्रवासच सगळ्यांत वाईट. मासा बिचारा उगाच बदनाम होतो.

आतून बघाल तर रॉड म्हणजे एक पोकळ नळी. कार्बनचे किंवा काचेचे बारीक धागे राळेत बसवून गुंडाळलेले, भिंत जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, शेंड्याकडे त्याहून पातळ. ही नळी वाकायला पटाईत असते, पण बाजूने बसलेला ठोका तिला सोसत नाही. अवंतिका एक्सप्रेसमध्ये बर्थखाली रॉड सरकवला आणि रात्री कुणाच्या तरी सुटकेसचं चाक त्यावर आपटलं, तर आतले चार धागे चिरडतात. बाहेरून रंगही उडत नाही. मग पाच महिन्यांनी अर्ध्या किलोच्या माशावर तो बरोबर त्याच जागी तुटतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो.

यावर आमचा उपाय अगदी देशी आहे. सियागंजातून तीन इंची पीव्हीसी पाईप आणायचा, एक तोंड कायमचं बंद करायचं, दुसऱ्याला फिरकीचं झाकण लावायचं आणि आत जुन्या टॉवेलचे तुकडे कोंबायचे. दहा फुटी रॉडचे दोन तुकडे पाच-पाच फुटांचे होतात, पाईप वरच्या बर्थवर भिंतीकडेला मावतो. टीसी एकदा संशयाने बघतो, एवढंच.

आता रॉड घेण्याबद्दल, कारण आपल्या तरुण मंडळींपैकी काही जण उन्हाळ्यात कोकणात जाऊन दुकानदाराच्या बोलण्यावर भुलतात. रॉडवर ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ असं छापलेलं असतं. ती ताकद नव्हे! तो धाग्याच्या ताठरपणाचा आकडा. २४ टन म्हणजे एका चौरस मिलिमीटरमागे २४ टन, आपल्या कॉलेजच्या भाषेत साधारण २३५ गिगापास्कल. पोलाद २०० च्या आसपास आणि काचेचा धागा ७० च्या जरा वर. आकडा चढतो तसा रॉड हलका आणि चपळ होतो, पण ताणल्यावर लांबायची त्याची तयारी कमी होत जाते. साधा कार्बन धागा दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काचेचा चार टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून खडपावर आपटत-धोपटत वापरायचा असेल तर काचेचा किंवा मिश्र रॉड घ्यावा. जड लागतो, हात दुखतो, पण टिकतो. ४० टनी रॉड लग्नातल्या शेरवानीसारखा, जपून वापरायचा.

रत्नागिरीत माझा आत्येभाऊ राहतो. तिथे गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर गरवणाऱ्यांची रांग लागते, आणि रॉड मोडण्याचा अभ्यास करायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. मासा लागला की माणूस काय करतो? रॉड आकाशाकडे, मग डोक्यामागे. इथेच घात होतो. रॉड आणि दोरा यांच्यातला कोन काटकोनाच्या आत असेल तर जोर खालच्या जाड भागापर्यंत उतरतो. रॉड मागे झुकला की वाकतो फक्त शेंडा, आणि सगळ्यात बारीक भागावर सगळा भार येतो. जेट्टीवरून दोन किलोची तांबोशी रॉडनेच वर उचलणं हाही तोच प्रकार. त्यासाठी लांब दांड्याची जाळी असते. नसेल तर दोरा हातात धरून मासा ओढावा.

तिथेच एक काका माणग्याची काठी घेऊन बसतात. माणगा म्हणजे कोकणातला जवळजवळ भरीव बांबू. ना रीळ, ना कड्या, टोकाला तंगूस बांधलेलं. माझा कार्बनचा रॉड त्यांनी हातात घेतला, तोलून पाहिला आणि म्हणाले, “हलका आहे रे. पण आमची काठी मोडायच्या आधी करकरते, दोन दिवस आधी सांगते. तुमची मुकी.” खरं आहे. बांबूचा एकेक धागा सुटत जातो. कार्बन मात्र आवाज करतो तो मोडतानाच.

हा मुकेपणा कधी महागात पडतो ते भाच्याच्या बाबतीत पाहिलं. भगवती बंदराजवळच्या खडपावर त्याची गरी कपारीत अडकली. सुकती संपून पाणी चढायला लागलं होतं. तो रॉड मागे खेचून खेचून हिसके देत राहिला, आणि रॉड मधोमध तुटला. सगळं वजन मागे टाकलेलं, त्यामुळे तो पाठीवर पडला आणि आधारासाठी टेकलेला हात कालवांच्या धारेवर गेला. सहा टाके पडले. त्यात उधाणाचा दिवस, जखमी पोराला चढत्या पाण्याच्या पुढे किनाऱ्यावर आणेपर्यंत आम्हा दोघांची तंतरली. अडकलेली गरी सोडवायची रीत सोपी आहे : रॉड दोऱ्याच्या सरळ रेषेत धरायचा, रीळ घट्ट करायचं, दोरा एखाद्या लाकडाला चार वेढे देऊन मागे चालत जायचं. दोरा तुटतो, रॉड राहतो. दोरा नुसत्या हाताला मात्र गुंडाळू नका, हल्लीचा विणलेला दोरा बोट कापतो.

आणखी एक. कार्बनमधून वीज वाहते. कोकणात वाडीतून जाताना डोक्यावर तारा लोंबत असतात, तिथे रॉड आडवा धरून चाला. ऑक्टोबरच्या दुपारी गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून सरळ घर गाठा.

मिठाबद्दल लोकांचा गैरसमज आहे. कार्बन, काच आणि राळ यांना मीठ फारसं काही करत नाही. मीठ खातं ते धातूला : कड्यांच्या चौकटी, रीळ बसवायची जागा, स्क्रू. त्यात कार्बनला ॲल्युमिनियम टेकलेलं असलं आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी पडायला लागते. कडीच्या आतल्या चिनी मातीसारख्या कठीण गोलाला तडा गेला तर तो डोळ्याला दिसत नाही, पण दोरा कापत राहतो. कान साफ करायची कापसाची काडी आतून फिरवा. कापूस अडकला की कडी बदला. सांध्यात वाळू गेली तर दोन तुकडे असे चिकटतात की ओढाताणीतच रॉड जातो. सांध्यावर देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीचं मेण घासावं.

परत आल्यावर पलासियात आमच्या न्हाणीघरात रॉड धुण्याचा सोहळा असतो. १९७८ पासून इंदूरला जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, आणि आई म्हणते, एवढ्या लांबून आलेलं पाणी तुम्ही काठ्यांवर ओतता. मुद्दा बरोबर आहे, म्हणून आता नळ न सोडता अर्धी बादली आणि ओलं फडकं. तसंही जोराच्या धारेने मीठ निघण्याऐवजी फटीत आणखी आत जातं. मग सावलीत वाळवायचं, रीळ काढून. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रॉड ठेवू नये, शेंड्याच्या कडीचा डिंक मऊ होतो.

भाच्याचा रॉड मधोमध तुटल्यामुळे वाया गेला. आत कांडी घालून जोडता आला असता, पण जड आणि बेढब झाला असता. आत्येभावाचा मात्र शेंड्याकडून फक्त वीतभर तुटला होता. त्याने टोक घासून सपाट केलं आणि जुनी कडी गरम डिंकाने नव्या टोकाला बसवली. रॉड आता वीतभर आखूड आणि बराच ताठ आहे. लांब फेकायला उपयोगाचा नाही, म्हणून तो मुलीला दिलाय. ती भाट्याच्या खाडीवर त्याने छोटे मासे धरते, आणि गेल्या दिवाळीत तिच्या बादलीत माझ्यापेक्षा जास्त होते.