सर्टिफिकेट कुठलं आणि काम कुठलं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कामशेत-वडगावकडचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, पोराला कॉम्प्युटरचा कोणता कोर्स लावू? सर्टिफिकेट मिळालं पाहिजे, बरं का." विचारणं रास्त आहे. हिंजवडी मावळातून जवळ, पण तिथल्या कंपनीत ओळखीचं कुणी नाही. मग शिक्का मारलेला कागद हाच आधार वाटतो.

आपल्या शिक्षकांना कागदाची महती वेगळी सांगायला नको. एमएस-सीआयटीची झेरॉक्स आपल्यापैकी कितीतरी जणांच्या सेवापुस्तकात आहे! पण शाळेतला प्रोजेक्टर अडला की आपण ती झेरॉक्स बघून कुणाला बोलावत नाही. ज्याला जमतं त्याला हाक मारतो.

सॉफ्टवेअरच्या जगात या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत. मायक्रोसॉफ्टची परीक्षा पास झालात की प्रमाणपत्र मिळतं. त्याच कंपनीचा 'एमव्हीपी' हा सन्मान 1993 पासून आहे आणि त्याला परीक्षाच नाही. वर्षभरात तुम्ही इतरांना काय शिकवलं, कुणाच्या अडचणी सोडवल्या, कोणतं काम सगळ्यांसाठी खुलं केलं, ते पाहून तो देतात. पुढच्या वर्षी परत तपासतात. परीक्षा सांगते की त्या दिवशी तुम्हाला काय येत होतं. दुसरा सन्मान सांगतो की तुम्ही चार लोकांत कसे वागता. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

पण इथे एक गंमत झाली होती, तीही सांगतो. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. 2020 साली टी-शर्टसाठी लोकांनी इकडचा एक शब्द तिकडे करून 'सुधारणा' पाठवल्या. आपल्या देशातलेही त्यात बरेच होते. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की नियम महिन्याच्या मध्येच बदलावे लागले. बक्षीस लावलं की योगदानाचाही कागद होतो.

लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'च्या पोरांना लोक ओळखतात ते फाईल बघून नाही. दरीत कुणी अडकलं की ती धावून जातात म्हणून. तरी नुसता उत्साह आहे म्हणून शिकल्याशिवाय कुणी दोरावर उतरत नाही. तेव्हा शिक्षण हवंच, त्याला माझा विरोध नाही.

"सर्टिफिकेट म्हणजे रद्दी" असं शहरातले काही जण सहज बोलतात, ते मला पटत नाही. फुकट योगदान द्यायला मोकळा वेळ लागतो, स्वतःचा लॅपटॉप लागतो, इंग्रजीत चार ओळी लिहायचं धाडस लागतं. पवन मावळातली मुलगी शाळा सुटल्यावर घरकाम करते, जुलैत भातलावणीला जाते, आणि घरात फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. तिने योगदान कधी द्यायचं? तिच्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम आणि ठरलेल्या तारखेची परीक्षा हा निदान दिसणारा दरवाजा आहे. म्हणून पालकांना मी एवढंच म्हणतो, कर्ज काढून महागडा कोर्स घेण्याआधी क्लासवाल्याला विचारा, "पोरगं शेवटी काय बनवून दाखवेल?" उत्तर नुसतं "सर्टिफिकेट" असेल तर घरी या.

आणि शाळेत आपण थोडा वेळ काढून देऊ शकतो. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा 2004 पासून जगभरचे लोक मिळून बनवतात. कुणी कोणता बदल कधी केला याची तिथे कायमची नोंद राहते. शाळेच्या कॉम्प्युटरवर नववीची मुलं त्यावर आपली गावं शोधत होती. एका मुलीने पाहिलं, तिच्या वाडीचा रस्ता नकाशात ओढ्याच्या अलीकडेच संपतो. रोज ती त्याच रस्त्याने चालत येते. तिने पुढचा तुकडा काढला, अंगणवाडी आणि हातपंप दाखवला. चार दिवसांनी कुणा अनोळखी माणसाने तिच्या नोंदीखाली विचारलं, हा रस्ता पावसाळ्यातही चालू असतो का?

तिने मला विचारून नाही, घरी आजीला विचारून उत्तर लिहिलं. ओढ्याला पाणी आलं की दोन-तीन दिवस बंद, तेव्हा आम्ही वरच्या बांधावरून येतो. मग तो बांधही तिने नकाशात काढला.