विंगेतले काका

हौशी नाट्यसंस्थेतली नटमंडळी नोकरी, लग्न, बदली यांच्या ओघात बदलत राहतात. वर्षानुवर्षे टिकतो तो विंगेतला माणूस. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन त्यांच्या पाठीशी होते. आज हौशी संस्थेला राजाश्रय नाही. ती वर्गणीवर आणि अशा माणसांच्या पदरमोडीवर चालते. प्रस्तुत लेखक ज्यांच्या हाताखाली बॅकस्टेज शिकला, ते दुकानदार काका याच जातकुळीतले.

काकांचे काम नाटक ठरले की लगेच सुरू होई. लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका ही कागदपत्रे तेच पाहत. तालमीला जागा मिळवणे, चौकटींवर मांजरपाट ताणून फ्लॅट रंगवणे, टेम्पोवाल्याशी घासाघीस करणे हेही त्यांच्याकडेच. या कामांत रस घेणारे दुसरे कोणी संस्थेत नसे, हे खरे तर संस्थेचे दुर्दैव.

त्यांचे खरे कसब दिसे ते प्रॉपर्टीच्या टेबलावर. विंगेलगतच्या या टेबलावर ते पांढरा कागद पसरत आणि प्रत्येक वस्तूच्या कडेने पेन्सिल फिरवून तिची जागा आखत. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता. वस्तू गेली की रिकामी आकृती उरे. अंक संपल्यावर एखादी आकृती रिकामीच राहिली, तर वस्तू नटाच्या खिशात राहिली हे नजर टाकताच कळे. दारूच्या पेल्यात गार कोरा चहा असे. रंगमंचावर फाडायचे पत्र दर प्रयोगाला नव्याने लिहिले जाई आणि त्यात कोरा कागद ते चालवून घेत नसत, कारण नटाची नजर ओळींवरून फिरली पाहिजे.

प्रवेशबदलाची तालीम ते वेगळी घेत. आधी दिवे लावून, मग अंधारात. खुर्ची कोणी उचलायची, कोणत्या विंगेतून बाहेर न्यायची, परत येणाऱ्याने कोणाला वाट द्यायची, सगळे ठरलेले. फर्निचरच्या पायांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा असत. बदल लांबला की प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते आणि पुढच्या प्रवेशाची पहिली दोन वाक्ये वाया जातात. काकांना या दोन वाक्यांची काळजी दिग्दर्शकापेक्षा जास्त.

तिसऱ्या घंटेनंतर ते विंगेत संहिता घेऊन उभे राहत. शब्द अडला तरी लगेच सांगत नसत. नट मुद्दाम थांबला आहे की अडकला आहे, हे तालमींतून त्यांना पाठ झालेले असे. ही जाण पुस्तकातून येत नाही.

हौशी संस्थांनी नव्या मुलाला पहिली भूमिका देण्याआधी एक नाटकभर प्रॉपर्टीच्या टेबलावर उभे करावे. आणि काकांसारखी माणसे हिंडती-फिरती आहेत तोवर त्यांच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करावा.