राखेतला आकडा

मागच्या रविवारी धाकट्या नातवाचा पहिला वाढदिवस झाला. विहारात त्रिशरण-पंचशील झाले, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला, केक कापला. मोठी माणसे जेवणाच्या पंक्तीची वाट पाहत गप्पांत रंगली आणि पोरांनी मला घेरले. "आजोबा, राखेचा खेळ!"

हा खेळ मी गेली कित्येक वर्षे करीत आलो आहे. आपल्याकडे नामकरण असो, वाढदिवस असो, पोरगी दहावी पास झालेली असो, चार घरे जमली की कोणी गाणे म्हणतो, कोणी नकला करतो. माझ्या वाट्याला राख आली.

खेळ असा. एका मुलाला तीन आकडी संख्या कागदावर लिहायला सांगायची. पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक हवा. समजा त्याने ७३२ लिहिले. ती उलटी केली की २३७. मोठीतून लहान वजा केली, उरले ४९५. तेही उलटे करून त्यात मिळवायचे. ४९५ आणि ५९४ मिळून १०८९. हे सारे मला न दाखवता करायचे. मग तो कागद बशीत जाळायचा, त्याची राख मी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला चोळायची. हातावर काळा आकडा उमटतो, १०८९!

आता यातली गोम. संख्या कोणतीही घ्या, उत्तर नेहमी १०८९ च येते. वजाबाकी केली की मधला अंक ९ च राहतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ च होते. आणि हातावरचा आकडा? तो मी तासाभरापूर्वी मोरीत जाऊन ओल्या साबणात काडी बुडवून लिहिलेला असतो. वाळल्यावर तो दिसत नाही. राख चोळली की साबणाच्या रेघांवर ती चिकटते, बाकीची झडून जाते.

जादूगार आपली युक्ती कधी सांगत नाहीत. मी मात्र लगेच सांगतो. पोरे म्हणतात, "आजोबा, सांगून टाकल्यावर मजा काय राहिली?" त्याचे उत्तर द्यायचे तर मला १९७६ सालात जावे लागते.

आम्ही तेव्हा मनमाडला राहत होतो. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या एका सोबत्याकडून ते हा खेळ शिकले आणि त्यांनी तो मला शिकवला. मी अकरा वर्षांचा होतो. चुलतबहिणीच्या नामकरणाला मी तो पहिल्यांदा चारचौघांत केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गडबडीत यातली युक्ती सांगायची राहून गेली. खरे सांगायचे तर राहून गेली नाही, मीच सांगितली नाही. सगळे माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होते, ते मला फार आवडले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीतली आजी माझ्याकडे आली. तिचा एकुलता एक लेक मुंबईकडे कामाला गेला होता. दोन वर्षांत त्याचे पत्र नव्हते. ती म्हणाली, "पोरा, तुझ्या हातावर उमटतं म्हणं. माझा लेक येईल का नाई, तेवढं बघ ना."

मी तिला बसवले, मोरीत गेलो आणि हातावर साबणाने लिहिले. हात वाळेस्तोवर तिला थांबवून ठेवले. मग चुलीतली राख घेऊन तिच्यासमोर चोळली. तिला वाचता येत नव्हते. मीच वाचून दाखवले, "येईल."

आजी रडली. माझ्यावरून हात ओवाळून तिने कडाकडा बोटे मोडली आणि कनवटीचे चार आणे काढून माझ्या मुठीत कोंबले. ते चार आणे मी गोळ्यांत उडवले.

आठ-दहा दिवसांनी दादा पाळीवरून उशिरा आले. त्यांना आजी स्टेशनवर दिसली होती. मुंबईकडून येणाऱ्या गाडीसाठी ती रोज संध्याकाळी फलाटावर जाऊन बसत होती. कारण विचारले तर म्हणाली, तुमच्याच पोराच्या हातावर आलंय ना.

दादांनी मला मारले नाही. साबणाची वडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल." आजीच्या दारात बसून, तिच्या डोळ्यांसमोर मी साबणाने लिहिले. हात वाळेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग राख चोळली. तेच शब्द उमटले.

आजी कितीतरी वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "म्हंजी त्याचं काईच कळलं नाई तर."

ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. दादांनी तिथेच बसून तिला लेकाचा ठावठिकाणा, ओळखीची माणसे विचारली आणि मुंबईला तीन कार्डे लिहिली. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्याने कळवले की त्याने खोली बदलली, नवा पत्ता माहीत नाही. माझ्या 'येईल'पेक्षा ते फारच थोडे होते. पण ते खरे होते. आजीने ते कार्ड जपून ठेवले आणि फलाटावर जाणे बंद केले.

पुढे मोठेपणी विनयपिटकातली एक गोष्ट वाचनात आली. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच बांबूवर टांगले आणि ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते काढून न्यावे असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज या भिक्खूने आकाशात उडून ते काढले, असे त्यात सांगितले आहे. लोक त्याच्यामागे धावले. भगवान बुद्धांनी त्याची पाठ थोपटली नाही. त्याला खडसावले, पात्र फोडायला लावले आणि भिक्खूंनी गृहस्थांना चमत्कार दाखवू नयेत असा नियमच केला. दीघनिकायातल्या केवट्टसुत्तातही भगवान तेच सांगतात. शिकवण देऊन माणसाला शहाणे करणे हेच त्यांच्या लेखी श्रेष्ठ प्रातिहार्य. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरचा विश्वास अधम्मात घातला, तो उगीच नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा दादा निवृत्त झाले होते. त्यांनी गल्लीतली पोरे जमवली, पोळ्याचा मातीचा बैल आणला आणि चमच्याने त्यालाही दूध पाजले. चमच्याची कड बैलाच्या तोंडाला लागली की दूध आपोआप ओढले जाऊन खाली ओघळते, हे पोरांनी बोट लावून पाहिले. घरोघरी जाऊन तीच पोरे आयांना समजावू लागली.

चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, लुबाडणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण पोलीस येण्याआधी बुवा येतो, आणि तो दुःखी माणसाच्याच दारात येतो. चार आण्यांच्या जागी तो मंगळसूत्र नेतो, एवढाच त्याच्यात आणि अकरा वर्षांच्या माझ्यात फरक होता.

म्हणून वाचकहो, घरच्या समारंभात असे खेळ जरूर करा. विस्तवाशी आणि रसायनांशी खेळू नका, कागद जाळायचा तर मोठ्या माणसानेच जाळावा. कोणाच्या दुःखाला हात घालू नका. आणि पंगत बसण्यापूर्वी युक्ती सांगून टाका.

परवा मी सांगितली तशी सात वर्षांची नात मोरीकडे पळाली. अर्ध्या तासाने ती हात पुढे करून आली आणि राख मागू लागली. आकडा उमटला, तसा तिने आधी दम घेतला आणि सगळ्यांना ओरडून सांगितले, "हा साबण आहे बरं का!"

मजा कुठे कमी झाली? पंगतीत सगळ्या पोरांचे हात काळे होते.